मांजर फिरवायला जागा आहे का? इंग्लंडात नव्याने आलेल्यांसाठी एका वाक्प्रचाराची मार्गदर्शिका

लीड्समधल्या माझ्या पहिल्या खोलीत सामान लावत होते, तेव्हा खालच्या मजल्यावरची मुलगी चहाचा मग घेऊन वर आली. बार्न्सलीकडची, बोलायला एकदम मोकळी. दारातच थांबली, कारण आत दुसऱ्या माणसाने उभं राहायची जागा माझ्या उघड्या सुटकेसने व्यापली होती. खोलीवर एक नजर फिरवून म्हणाली, ‘‘यू कुडन्ट स्विंग अ कॅट इन हिअर, कुड यू?’’

मला वाटलं, मी मांजर आणणार आहे का, असं विचारतेय. भाडेकरार आदल्याच रात्री दोनदा वाचला होता, त्यामुळे उत्तर तयार होतं. म्हटलं, ‘‘नो, नो. पेट्स आर नॉट अलाउड.’’

ती इतकी हसली की चहा जिन्यावर सांडला. मग समजावून सांगितलं: मांजराला शेपटीला धरून गरगर फिरवायचं म्हटलं तर ते भिंतीवर आपटेल, इतकी ही खोली लहान आहे.

मी लालबागच्या चाळीत वाढले. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही पाच माणसं, शिवाय गणपतीत येणारे पाहुणे. त्यामुळे माळ्यावरची ती खोली मला लहान वाटलीच नव्हती. एकटीची खोली, दाराला आतून कडी, यापेक्षा जास्त काय हवं? ‘जागा मनात असावी लागते’ हे ऐकत मोठं झालं की जागेबद्दल कुरकुर करायची सवयच लागत नाही, आणि मग तिचे शब्दही येत नाहीत. इथल्या लोकांकडे ते भरपूर आहेत. कुठला शब्द चहाच्या टेबलावर चालतो आणि कुठला कागदावर, हे कळायला मला जवळपास वर्ष लागलं. तुमचं ते वर्ष वाचावं म्हणून हे लिहितेय.

आधी हाताशी काय असू द्यावं

- पाच मीटरची धातूची टेप. हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळते. मोबाइलमधल्या मोजमापाच्या ॲपवर भिस्त ठेवू नका.
- मास्किंग टेपचं एक रीळ. का, ते सहाव्या पायरीत कळेल.
- भाडेकराराची प्रत, अनामत भरल्याची पावती.
- खोलीच्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि नकाशा. खोली भाड्याने गेली की जाहिरात गायब होते, म्हणून पैसे भरायच्या आधीच जपून ठेवा.
- उच्चार ऐकवणारा इंग्रजी शब्दकोश. फोनमधला चालेल.
- तुमच्या चुकीला मनापासून हसेल असं एक स्थानिक माणूस. दुकानात मिळत नाही, पण सर्वांत उपयोगी.

१. ‘रूम’ म्हणजे खोली, हे जरा बाजूला ठेवा

वाक्प्रचार आहे ‘नो रूम टू स्विंग अ कॅट’. यातली ‘रूम’ म्हणजे चार भिंती नव्हेत, मोकळी जागा. आपण शाळेत रूम म्हणजे खोली एवढंच शिकतो, म्हणून ‘मांजर फिरवायची खोली नाही’ असा भलताच अर्थ डोक्यात येतो.

ओळखायची खूण सोपी आहे. आधी ‘अ’ किंवा ‘द’ असेल किंवा शेवटी अनेकवचनाचा ‘स’ असेल, तर बहुतेकदा खोली. काहीच नसेल तर जागा. हॉटेलवाला ‘देअर आर नो रूम्स’ म्हणाला तर खोल्या शिल्लक नाहीत. मित्र गाडीत बसून ‘देअर इज नो रूम’ म्हणाला तर तुमच्यासाठी जागा नाही, चालत या.

खरी अडचण आपल्या ‘जागा’ या शब्दाची आहे. मराठीत एकाच ‘जागे’त काय काय मावतं! बसमधली जागा, नोकरीची जागा, बांधकामाची जागा, फ्रिजमधली जागा. इंग्रजीत या प्रत्येकीला वेगळा शब्द लागतो आणि आपण सगळीकडे ‘प्लेस’ लावून मोकळे होतो. बसमध्ये ‘इज देअर एनी प्लेस?’ विचारलंत तर समोरचा गोंधळतो. तिथे ‘इज दिस सीट टेकन?’ असं विचारायचं. फ्रिज भरलेला असेल तर ‘नो प्लेस इन द फ्रिज’ म्हणू नका, ‘नो रूम इन द फ्रिज’ म्हणा. नोकरीच्या जागेला ‘व्हेकन्सी’.

एकदा ही ‘रूम’ कळली की तिची भावंडंही कळतात. ‘एल्बो रूम’ म्हणजे कोपर हलवता येईल एवढी ऐसपैस जागा. कामाच्या ठिकाणी मोकळीक या अर्थानेही वापरतात. ‘विगल रूम’ म्हणजे वाटाघाटीत इकडेतिकडे सरकायला असलेला वाव. आणि साहेब ‘रूम फॉर इम्प्रूव्हमेंट’ म्हणाले, तर तुम्हाला नवी खोली मिळत नाहीये, एवढं नक्की.

२. वाक्य बसवून घ्या

रोजच्या बोलण्यात तीन साचे पुरतात:

‘देअर इझन्ट रूम टू स्विंग अ कॅट.’
‘देअर्स नॉट इनफ रूम टू स्विंग अ कॅट इन हिअर.’
‘यू कुडन्ट स्विंग अ कॅट इन देअर.’

तिन्ही नकारार्थी आहेत. ‘देअर इज रूम टू स्विंग अ कॅट’ असं होकारार्थी म्हटलं तर ते मुद्दाम केलेल्या विनोदासारखं वाटतं. चालतं, पण ते दुसऱ्या वर्षी करा.

आतले शब्द हलवायचे नाहीत. मांजर नेहमी एक आणि कुठलंही: ‘अ कॅट’. ‘द कॅट’ म्हटलं की ऐकणारा खरं मांजर शोधू लागतो. ‘कॅट्स’ नाही, ‘माय कॅट’ तर नाहीच. क्रियापद ‘स्विंग’. आमच्या वर्गातला नागपूरचा एकजण आत्मविश्वासाने ‘रोटेट अ कॅट’ म्हणाला होता. दोन वर्षं त्याला तेच ऐकावं लागलं. ‘थ्रो’सुद्धा नको. मांजर फेकायचं नाही, हातात धरून गोल फिरवायचं आहे. म्हणजे माणसाचा हात आणि मांजराची लांबी मिळून जेवढं वर्तुळ होईल तेवढीही जागा नाही. हे चित्र डोळ्यांसमोर ठेवलंत तर शब्द आपोआप लक्षात राहतात.

३. खोली लहान आहे की गर्दी जास्त, ते आधी ठरवा

सर्वांत जास्त चुका इथे होतात, कारण शब्दकोश उघडून आपण मराठीतला पहिला जवळचा वाक्प्रचार उचलतो: ‘मुंगी शिरायला जागा नाही’. अर्थ जवळचा वाटतो, पण प्रसंग वेगळा.

मुंगी आपण गर्दीसाठी वापरतो. लालबागच्या राजाच्या रांगेत, शिवाजी पार्कच्या सभेत, एसटीच्या दिवाळीतल्या गाडीत मुंगी शिरायला जागा नसते. मैदान प्रचंड असतं, पण माणसांनी भरलेलं असतं. इंग्रजीतलं मांजर मात्र जागेच्या आकाराबद्दल बोलतं. खोली पूर्ण रिकामी असेल, एक माणूसही आत नसेल, तरी तिथे मांजर फिरवता येत नाही असं म्हणता येतं. न्हाणीघर, जहाजातली केबिन, पहिल्या नोकरीतलं कोपऱ्यातलं ऑफिस, विद्यार्थ्याचं स्वयंपाकघर, या मांजराच्या जागा. मराठीत त्याच्या जवळ जातं ते ‘कुशीवर वळायला जागा नाही’, ‘काड्यापेटीएवढं घर’, नाहीतर सरळ ‘खुराडं’.

मग गर्दीसाठी काय म्हणायचं? ‘पॅक्ट लाइक सार्डिन्स’. सार्डिन म्हणजे आपली तारली. मालवणकडे आणि गोव्यात पेडवे म्हणतात तीच जातकुळी. इथे ती पत्र्याच्या चपट्या डब्यात, एकीला एक चिकटवून, तेलात बुडवलेली मिळते. डबा उघडून एकदा बघा, म्हणजे सकाळी ८.४०च्या विरार फास्टमधला दुसऱ्या वर्गाचा डबाच आठवेल. त्या गाडीबद्दल इथल्या लोकांना सांगायचं असेल तर मांजर काढू नका, मासे काढा. मुंबई लोकलच्या गर्दीसाठी रेल्वेच्या लोकांचा स्वतःचा इंग्रजी शब्द आहे, ‘सुपर डेन्स क्रश लोड’: एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा उभी माणसं. हे मी एकदा विद्यापीठातल्या जेवणाच्या टेबलावर सांगितलं तर लोकांना ती मुंबईकराची अतिशयोक्ती वाटली. मी जमिनीवर मास्किंग टेपने एक चौरस मीटर आखून सहा जणांना आत उभं केलं. सातवा मावेना. विषय संपला.

तिसरा प्रकार सामानाचा. खोली बरी आहे, माणसं कमी आहेत, पण पसारा इतका की पाय ठेवायला जागा नाही. तिथे ‘यू काण्ट मूव्ह फॉर बॉक्सेस’ असं म्हणतात. खोक्यांमुळे हलता येत नाही. खोक्यांच्या जागी पुस्तकं, कपडे, काहीही घाला. आपण याला ‘खोलीत फार अडचण झालीय’ म्हणतो आणि त्याचं ‘देअर इज टू मच डिफिकल्टी इन द रूम’ करून टाकतो. समोरच्याला वाटतं, घरात भांडण झालंय.

याच जोडीला दोन शब्द विसरून जा. एक ‘कंजस्टेड’. पुण्या-मुंबईत ‘घर फार कंजस्टेड आहे’ हे सर्रास चालतं. इथे रस्ते कंजस्टेड असतात आणि सर्दी झालेलं नाक. घराला ‘क्रॅम्प्ट’ म्हणा, नाहीतर ‘पोकी’, हा खास ब्रिटिश शब्द म्हणा. दुसरा ‘ॲडजस्ट’. चौथी सीट मिळवून देणारं आपलं ‘थोडं ॲडजस्ट करा ना’ इथे कुणाला कळत नाही. ‘कुड यू बज अप अ बिट?’ म्हणा. ‘बज अप’ म्हणजे थोडं सरका. मात्र ट्रेनमध्ये तिघांच्या बाकावर चौथं बसायची पद्धत इथे नाही, त्यामुळे हे वाक्य पबमध्ये ओळखीच्यांनाच म्हणायचं.

४. मांजर आलं कुठून, हे कुणी विचारलंच तर

विचारतात. आणि विचारणाऱ्याकडे बहुतेकदा स्वतःचं उत्तरही तयार असतं: जुन्या ब्रिटिश आरमारात खलाशांना फटके मारायला नऊ दोरांचा आसूड असे, त्याला ‘कॅट ओ’ नाइन टेल्स’ म्हणत. जहाजाच्या पोटात छत ठेंगणं, आसूड फिरवायला जागा नाही, म्हणून हा वाक्प्रचार. गोष्ट ऐकायला झकास आहे. संग्रहालयांतले वाटाडेही सांगतात.

पण तारखा जुळत नाहीत. ‘मांजर फिरवायला जागा नाही’ हे १६६५ साली, म्हणजे लंडनच्या मोठ्या प्लेगच्या वर्षी, रिचर्ड केफेल याच्या प्लेगवरच्या पुस्तकात छापलेलं सापडतं. तिथेही ‘सामान्यांच्या बोलीत म्हणतात त्याप्रमाणे’ अशा अर्थाची पुस्ती जोडलेली आहे, म्हणजे तेव्हाही ते लोकांच्या तोंडी रुळलेलं होतं. त्या आसुडाचं नाव लिखाणात दिसतं ते १६९५च्या आसपास. शिवाय फटके जहाजाच्या पोटात मारत नसत. सगळ्या खलाशांना उभं करून उघड्या डेकवर मारत, आणि तिथे जागेचा तुटवडा नव्हता. तेव्हा हे मांजर खरंखुरं, चार पायांचंच असावं, असं मला वाटतं. त्या काळी प्राण्यांचे हाल करणं ही करमणूक होती, हे लक्षात घेतलं तर फार नवल वाटत नाही.

समोरचा आसुडाची गोष्ट रंगवून सांगत असेल तर मध्येच १६६५ काढू नका. मी एकदा काढलं. संध्याकाळ वाया गेली.

या वाक्प्रचारावरचा माझा आवडता विनोद चार्ल्स डिकन्सच्या ‘डेव्हिड कॉपरफील्ड’मध्ये आहे. भोळ्याभाबड्या मिस्टर डिकला एक लहानशी खोली मिळते. डेव्हिडची घरमालकीण त्याला ठणकावून सांगते की तिथे मांजर फिरवायलाही जागा नाही. मिस्टर डिक पलंगाच्या कडेला बसून शांतपणे म्हणतो की मला मांजर फिरवायचंच नाहीये, मी कधी फिरवतही नाही, मग मला त्याचं काय?

मी आईला व्हिडिओ कॉलवर वाक्प्रचाराचा अर्थ सांगितला, तेव्हा तिने डिकन्स वाचलेला नसताना हेच म्हटलं. ‘‘अगं पण मांजराला फिरवायचं कशाला? बिचारं झोपलेलं असतं. खिडकी आहे ना खोलीला? मग झालं.’’

५. कुणाच्या खोलीबद्दल बोलताय?

स्वतःच्या खोलीबद्दल खुशाल म्हणा. उलट तसं म्हटल्याने ओळख वाढते. इथे लोकांना स्वतःच्या गैरसोयीची हसत हसत थट्टा करणारं माणूस आवडतं.

दुसऱ्याच्या घरी गेल्यावर मात्र तोंड बंद. यजमान स्वतः ‘सॉरी, यू काण्ट स्विंग अ कॅट इन हिअर’ म्हणाले, तर त्यावर ‘हो ना, खरंच’ म्हणायचं नाही. आपल्याकडे ‘आमचं आपलं लहानसं घर’ असं कुणी म्हटलं की आपण ‘छे हो, किती छान आहे’ म्हणतो ना, अगदी तसंच. ‘ओ, इट्स लव्हली’ एवढं पुरे. उजेड चांगला असेल तर उजेडाचं कौतुक करा. मांजरवेड्या लोकांसमोर बोललात तर कुणीतरी आपल्या मांजराचे कान झाकायचं नाटक करेल. ते रागावलेले नसतात.

नोकरीच्या मुलाखतीत, अर्जात, प्रबंधात हे वाक्य नको. सहकाऱ्यांमध्ये चालतं.

अमेरिकेत नातेवाईक असतील तर एक सावधगिरी. तिकडे मांजर मेलेलं असतं आणि अर्थ बदललेला असतो. ‘यू काण्ट स्विंग अ डेड कॅट विदाउट हिटिंग अ कॉफी शॉप’ म्हणजे जिकडे तिकडे कॉफीची दुकानंच दुकानं. आपलं ‘पुण्यात दगड भिरकावला तर इंजिनिअरला लागेल’ तेच हे. न्यू जर्सीतल्या मामेभावाने असं काही म्हटलं तर त्याचं घर लहान आहे असं समजून सहानुभूती दाखवू नका. मी दाखवली होती. त्याचं घर चार बेडरूमचं आहे.

६. मांजर बोलण्यात, मीटर कागदावर

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते.

खोली शोधताना जाहिरातीत ‘लहान’ हा शब्द कुणी लिहीत नाही. ‘कोझी’ म्हणजे उबदार, खरा अर्थ लहान. ‘कॉम्पॅक्ट’ म्हणजे फारच लहान. ‘बीझू’ हा फ्रेंच दागिन्याचा शब्द, म्हणजे लहान आणि महाग. ‘बॉक्स रूम’ म्हणजे घरातली सर्वांत छोटी खोली, बहुतेकदा जिन्याच्या डोक्यावरची. तिथे एकेरी पलंग मावला की कपाट दाराबाहेर. ‘डिसेप्टिव्हली स्पेशस’, म्हणजे दिसतं त्यापेक्षा मोठं, असं लिहिलं असेल तर मी निम्म्यावर विश्वास ठेवते.

मुंबईकरांनी दोन शब्द जपून वाचावेत. चाळीत ‘डबल रूम’ म्हणजे दोन खोल्या. इथे ‘डबल रूम’ म्हणजे डबल बेड मावेल अशी एकच खोली. आणि इथला ‘हॉल’ म्हणजे दारातून आत आल्यावरची बोळकांडी. आपल्या हॉलला इथे लिव्हिंग रूम म्हणतात. ‘बेड इन द हॉल’ असं काही तुम्ही स्वतः लिहिलंत, तर वाचणाऱ्याला वाटेल तुम्ही चपलांच्या शेजारी झोपता.

माझी खोली लीड्सच्या एका ‘बॅक-टू-बॅक’ घरात होती. गिरणी कामगारांसाठी बांधलेली ही घरं पाठीला पाठ लावून उभी असतात: मागची भिंत मागच्या घराची, बाजूच्या भिंती शेजाऱ्यांच्या, खिडक्या फक्त समोर. १९०९च्या कायद्याने अशी नवी घरं बांधायला बंदी आली, पण आधी मंजूर झालेल्या आराखड्यांच्या जोरावर लीड्समध्ये ती १९३७पर्यंत बांधली गेली आणि आजही हजारो घरं नांदती आहेत. गिरणी, चाळ, एकाला एक लागून खोल्या. मला तर परळच वाटलं. आमच्या घरात तळघरापासून माळ्यापर्यंत पाच भाडेकरू होतो. माझी खोली अगदी वर, उतरत्या छपराखाली. पलंगावर झटक्यात उठून बसलं की कपाळ छताला लागायचं.

मला हे सगळं ‘मांजर फिरवायला जागा नाही’ या सदरातलं, हसून सोडून द्यायचं वाटत होतं. विद्यार्थी संघटनेच्या सल्ला केंद्रात मी अनामत रकमेबद्दल विचारायला गेले होते. बोलता बोलता मांजराचं वाक्य टाकलं. तिथल्या बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘‘किती चौरस मीटर आहे?’’

इंग्लंडात १ ऑक्टोबर २०१८पासून नियम आहे. वेगवेगळ्या कुटुंबांतली पाच किंवा जास्त माणसं स्वयंपाकघर-न्हाणीघर वाटून घेत एका घरात राहत असतील, तर घरमालकाला कौन्सिलचा, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचा, परवाना लागतो, आणि परवान्यातल्या अटींनुसार झोपायच्या खोलीचं किमान क्षेत्रफळ असं हवं:

- दहा वर्षांवरच्या एका माणसाला ६.५१ चौरस मीटर, म्हणजे साधारण ७० चौरस फूट
- दहा वर्षांवरच्या दोघांना १०.२२ चौरस मीटर, म्हणजे साधारण ११० चौरस फूट
- दहा वर्षांखालच्या एका मुलाला ४.६४ चौरस मीटर. त्याहून लहान खोली कुणालाच झोपायला देता येत नाही

आणि माळ्यावर राहणाऱ्यांसाठी महत्त्वाचं: जिथे छताची उंची दीड मीटरपेक्षा कमी आहे, तो जमिनीचा भाग या हिशेबात धरत नाहीत. वेल्स, स्कॉटलंड, उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे आहेत, तिकडे असाल तर तिथल्या कौन्सिलला विचारा.

तुलनेसाठी सांगते. वरळी-नायगावच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. आमची लालबागची १२०. तेव्हा ७० हा आकडा वाचून मला आधी हसूच आलं. मग आठवलं की लीड्सच्या त्या खोलीचं एका महिन्याचं भाडं घरच्यांच्या किती महिन्यांच्या खर्चाएवढं होतं, आणि टेप काढली.

मोजायचं असं. बरोबर दीड मीटर लांबीचा सरळ दांडा घ्या. दांडा उभा धरून छपराच्या उताराकडे सरकवत न्या. वरचं टोक छताला टेकतं तिथे खाली जमिनीवर मास्किंग टेप चिकटवा. असं चार-पाच ठिकाणी करून रेघ पूर्ण करा. रेघेच्या आतलीच लांबी-रुंदी मोजायची. मग टेपसकट फोटो काढा, आकडे वाचता येतील असे.

माझी जमीन ३.१ गुणिले २.९, म्हणजे जवळपास ९ चौरस मीटर. जाहिरातीतल्या नकाशावर हाच आकडा होता. रेघेच्या आत मात्र ३.१ गुणिले १.९, म्हणजे ५.८९. नकाशा पुन्हा बघितला तर छपराकडे तुटक रेघ होती आणि मुंगीएवढ्या अक्षरांत ‘रिस्ट्रिक्टेड हेड हाइट’ लिहिलेलं होतं. ती तुटक रेघ आधी बघा. रुंदीपुढे ‘मॅक्स’ लिहिलं असेल तर तो सर्वांत रुंद जागेचा आकडा असतो, हेही.

आता पत्र. माझा पहिला मसुदा सल्ला केंद्रातल्या बाईंनी परत दिला, कारण त्यात मी मोठ्या हौसेने मांजर घातलं होतं. तक्रारीत वाक्प्रचार आला की वाचणारा तुम्ही थट्टेत बोलताय असं समजू शकतो. शिवाय मांजराचा आकार कुठल्याच कायद्यात दिलेला नाही. पत्रात एवढंच हवं: पत्ता, खोली कुठल्या मजल्यावर, घरात एकूण किती माणसं, छत दीड मीटर किंवा जास्त उंच आहे तेवढ्याच भागाचं क्षेत्रफळ, कुठल्या तारखेला मोजलं, सोबत किती फोटो. विशेषणं काढून टाका. ‘व्हेरी’ तर एकही नको. शेवटी एकच विनंती, मोजणीसाठी माणूस पाठवा.

पत्र आधी घरमालकाला पाठवा, आठवडाभर थांबा, मग कौन्सिलच्या खासगी भाडेघरांच्या विभागाला. परवाना असलेल्या घरांची यादी कौन्सिलकडे असते आणि ती कुणालाही बघता येते. आपलं घर त्यात आहे का ते पत्राआधी तपासा. विद्यार्थी नसाल तर ‘सिटिझन्स ॲडव्हाइस’ किंवा ‘शेल्टर’ या संस्था फुकट सल्ला देतात. भाडं थांबवायचा मोह होईल. थांबवू नका, त्याने प्रकरण तुमच्यावरच उलटतं. आणि घरात फक्त तीन-चार जण असतील तर परवान्याचा नियम गावागणिक बदलतो, तेव्हा आधी विचारून घ्या.

माझ्या घरमालकाने पहिल्या पत्राला उत्तर दिलं नाही. कौन्सिलची बाई मोजणीला आली, तिच्या यंत्रावर ५.८७ आलं. पहिल्या मजल्यावरची खोली जानेवारीत रिकामी होणारच होती; त्याच भाड्यात ती मला मिळाली. ७.८ चौरस मीटर, छत सरळ.

सामान खाली आणलं त्या संध्याकाळी बार्न्सलीची मुलगी पुन्हा दारात आली. या वेळी आत येऊ शकली. खोलीच्या मधोमध उभी राहिली, एक हात लांब केला आणि सावकाश एक गिरकी घेतली. बोटं कपाटाला घासली.

‘‘किटन,’’ ती म्हणाली, ‘‘मेबी.’’